पाचवीच्या रात्रीपूर्वी

मूल जन्मले की पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सटवाईची पूजा मांडावी, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवावी, आणि घरात निजानीज झाली म्हणजे ती देवी येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते असे मानावे, ही रीत महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही पाळली जाते. कपाळीच्या त्या लेखाविषयी श्रद्धाळूंनी आपल्या श्रद्धेप्रमाणे समजावे; परंतु आणखी एक लेख असा आहे की ज्याच्याविषयी वैद्यकशास्त्र आता निःशंकपणे बोलू शकते. तो कपाळी नव्हे तर यकृतावर लिहिला जातो, पाचवीची वाट न पाहता बहुधा जन्माच्या घटकेलाच लिहिला जातो, आणि त्याची शाई वाळण्यापूर्वी तो पुसून टाकण्याचे साधन अर्ध्या मिलिलिटरच्या एका टोचणीत मावते. आईच्या रक्तात हिपॅटायटिस बी या रोगाचा विषाणू असताना जन्मास येणाऱ्या अर्भकाची ही हकीकत आहे.

आरंभीच एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या भाषेत ‘कावीळ’ या एकाच शब्दाखाली इतके भिन्न विकार नांदतात की, बाळाला कावीळ झाली असे कोणी म्हटले असता नेमके काय झाले हे त्यावरून मुळीच कळत नाही. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळशी बाळे पिवळसर दिसू लागतात. ती बहुतेक वेळा रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडण्याची आणि नव्या यकृताला तो भार न पेलण्याची गोष्ट असते, आणि ती आपोआप किंवा निळ्या प्रकाशाखाली ठेवल्याने ओसरते. दूषित पाण्यातून येणारी कावीळ निराळी. तिच्यातील ‘ई’ जातीचा विषाणू गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत मातेच्याच जिवावर उठतो. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची जी प्रचंड साथ आली, ती याच विषाणूची होती हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे सिद्ध करण्याचे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जाते. या प्रकरणातील ‘बी’ विषाणूचे वर्तन मात्र याहून अगदी उलट आहे. त्याची लागण झालेले अर्भक पिवळे पडत नाही, त्याला ताप येत नाही, ते दूध टाकत नाही. ते बाळसे धरते, रांगते, शाळेत जाते, आणि तीस-चाळीस वर्षांनंतर, घरचा कर्ता पुरुष किंवा चार लेकरांची आई झालेले असताना, पोटात पाणी होऊन किंवा यकृतात गाठ होऊन ते माणूस अकस्मात अंथरूण धरते. त्या आजाराचा संबंध त्याच्या जन्मदिवसाशी जोडण्याचे मग कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

हा विषाणू प्रौढ माणसाच्या शरीरात शिरला तर त्याची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखते आणि त्याच्याशी लढते. त्या झुंजीत माणूस काही आठवडे बेजार होतो खरा, पण शंभरांतील सुमारे पंचाण्णव जण विषाणूला हुसकून लावून कायमचे मोकळे होतात. नवजात अर्भकात हे प्रमाण जवळजवळ उलटे होते: लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या शरीरात विषाणू आयुष्यभरासाठी ठाण मांडतो. याचे कारण बाळाच्या प्रतिकारशक्तीच्या कोवळेपणात आहे. आपले कोण आणि परके कोण याची नोंदवही त्या वयात नुकतीच उघडलेली असते, आणि या विषाणूच्या अंगचे एक लहानसे प्रथिन, ज्याला ‘ई अँटिजेन’ म्हणतात, ते वार ओलांडून गर्भापर्यंत आधीच पोहोचून आपली ओळख करून देत असल्यामुळे, पुढे खुद्द विषाणू येतो तेव्हा पहाऱ्यावरील शिपाई त्याला घरचाच समजून आत सोडतात, असे शास्त्रज्ञ मानतात. मातेच्या रक्तात हे ई अँटिजेन असेल आणि काहीच इलाज झाला नाही, तर दहांपैकी सात ते नऊ बाळांना लागण होते. ते नसेल तर धोका पुष्कळ उतरतो, पण नाहीसा होत नाही.

या विषाणूचा शोध लागला तो काविळीचा शोध घेताना लागलेला नाही, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन संशोधक माणसामाणसांच्या रक्तातील आनुवंशिक भेद अभ्यासीत होते, आणि त्यासाठी त्यांनी जगाच्या कानाकोपऱ्यांतील लोकांचे रक्तनमुने गोळा केले होते. ज्याला वारंवार दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागले होते अशा एका रक्तस्रावी रुग्णाच्या रक्ताची गाठ त्यांनी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी घालून दिली, तेव्हा दोहोंच्या मध्ये एक पांढरी रेषा उमटली. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव देऊन १९६५ साली ते प्रसिद्ध केले. ते द्रव्य म्हणजे काविळीच्या एका विषाणूचे बाह्य कवच आहे हे ध्यानात यायला आणखी दोन-तीन वर्षे गेली. १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला, आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळण्यात येतो. गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या कागदावर ‘एचबीएसएजी’ अशी जी चार-पाच अक्षरे असतात, ती त्याच कवचाची संज्ञा होय.

पण माता आणि अर्भक यांच्यामधील दुवा जगाला दाखवून दिला तो तैवानने. पामर बीसली नावाचे अमेरिकन वैद्य १९७० नंतरच्या दशकात तेथे जाऊन राहिले आणि स्थानिक सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी दोन कामे हाती घेतली. पहिले काम सरकारी नोकरांचे होते. २२,७०७ पुरुष कर्मचाऱ्यांचे रक्त तपासून, त्यांपैकी ३,४५४ जण या विषाणूचे कायमचे वाहक आहेत अशी नोंद करून, ते वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीची आणि मृत्यूची दप्तरे चाळीत राहिले. सरकारी नोकरांच्या विम्याच्या आणि मृत्यूच्या नोंदी चोख असल्यामुळे माणूस हरवण्याची भीती नव्हती. १९८१ साली त्यांनी आपला हिशेब प्रसिद्ध केला, त्या वेळेपर्यंत यकृताच्या कर्करोगाने ४१ जण मरण पावले होते, आणि त्यांतील ४० जण वाहकांपैकी होते. ज्या काळात विषाणूपासून माणसाला कर्करोग होतो ही कल्पना विद्वानांच्या सभेत संशयाने ऐकली जात असे, त्या काळात हा आकडा मांडला गेला. दुसरे काम सूतिकागृहातले. वाहक मातांची बाळे जन्मापासून तपासली असता असे आढळले की, बहुतेक बाळांचे रक्त जन्मतः निर्मळ असते आणि विषाणू त्यांत पुढील काही महिन्यांत दिसू लागतो. म्हणजे लागण गर्भाशयात क्वचितच होते, ती मुख्यतः प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी आणि स्रावांशी बाळाचा संपर्क येतो तेव्हा होते.

या निष्कर्षातच उपाय दडलेला होता. विषाणू जर जन्माच्या घटकेला शिरत असेल, तर जन्मानंतर लगेच काही करता येण्याजोगे आहे. आणि या विषाणूची चाल इतकी मंद आहे की शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत त्याला एक महिना ते सहा महिने लागतात. लस टोचल्यापासून बाळाच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास आठवड्यांचाच अवधी पुरतो. एरवी रोग अंगात शिरल्यावर लस टोचणे म्हणजे चोर घरात आल्यानंतर कुलूप शोधण्यासारखे असते. पण येथे चोर इतका संथ आहे की त्याच्या पाठोपाठ जाऊनही त्याला दाराशीच गाठता येते, मात्र तेवढ्यासाठी ताबडतोब निघाले पाहिजे. आज निघाले तर गाठ पडते, आठवड्याने निघाले तर बहुधा पडत नाही. या धावेत आणखी एक साह्य मिळते ते तयार प्रतिपिंडांचे. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे विपुल आहेत अशा दात्यांच्या रक्तद्रवापासून इम्युनोग्लोब्युलिन काढतात, आणि वाहक मातेच्या बाळाला जन्मानंतर १२ तासांच्या आत ते एका मांडीत आणि लस दुसऱ्या मांडीत, अशा दोन टोचण्या देतात. पहिली टोचणी तात्पुरता पहारा बसवते, आणि दुसरी बाळाचे स्वतःचे सैन्य उभे करते. बीसली यांनी १९८३ साली दाखवून दिले की या दुहेरी उपायाने दर शंभर संभाव्य लागणींपैकी नव्वदांहून अधिक टळतात.

तैवान सरकारने जुलै १९८४ मध्ये वाहक मातांच्या बाळांना, आणि १९८६ पासून सर्वच नवजात बाळांना ही लस देण्याचे ठरवले. सार्वत्रिक लसीकरण कशाला, फक्त वाहक मातांच्या बाळांना दिली म्हणजे पुरे, असा आक्षेप तेव्हा घेतला जाणे साहजिक होते. तो आक्षेप काळाने खोडून काढला. तैपेई शहरातील १२ वर्षांखालील मुलांत वाहकांचे प्रमाण १९८४ साली शंभरांत जवळजवळ दहा होते, ते १९९४ साली सव्वा-दीडपर्यंत उतरले. याहून मोठी गोष्ट १९९७ साली प्रसिद्ध झाली: ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण एक लाखामागे ०.७० होते, ते ०.३६ झाले. आकडे लहान दिसतात, कारण मुलांत हा कर्करोग मुळातच विरळा. पण लसीने माणसाचा एखादा कर्करोग कमी झाल्याचा हा जगातील पहिला पुरावा होता.

आपल्याकडे ही लस पोहोचायला उशीर झाला, आणि त्याचे एक कारण पैसा हे होते. प्रारंभीची लस वाहकांच्याच रक्तद्रवापासून शुद्ध करून काढीत. १९८६ पासून यीस्टच्या पेशींकडून त्या कवचाचे प्रथिन बनवून घेण्याची युक्ती साधली, पण परदेशातून येणाऱ्या त्या लसीची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली स्वदेशी लस बाजारात आणली आणि तो भाव कैक पटींनी खाली आणला. सरकारी कार्यक्रमात काही निवडक शहरांतून व जिल्ह्यांतून २००२ च्या सुमारास प्रयोग झाला, २०११ साली संपूर्ण देशात अंमलबजावणी झाली, आणि २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक या विषाणूसह जगत होते, आणि त्यांतील २ कोटी ९८ लाख भारतातील होते. एवढ्या मोठ्या संख्येतील किती जणांना तो जन्मतःच मिळाला असेल, याचा विचार मनात आला की बेचैनी होते.

कारण येथे अडते ते विद्येपाशी अडत नाही, कपाटापाशी अडते. ज्यांनी तालुक्याच्या दवाखान्यातील लसींचे शीतकपाट कधी उघडून पाहिले आहे त्यांना हे समजेल. लस २ ते ८ अंश तपमानात राहिली पाहिजे, इतके सर्वांना ठाऊक असते. पण उष्णतेची धास्ती सर्वांनाच असल्यामुळे बर्फ जितका अधिक तितके बरे, असा समज होतो, आणि या लसीला उन्हापेक्षा गारठ्याचेच भय अधिक आहे हे विसरले जाते. तिच्यात ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात, ते एकदा गोठले की गुठळ्या धरतात आणि लस निकामी होते. म्हणून शीतपेटीत ठेवण्याचे बर्फाचे पुडे कपाटातून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचे, हालवून कानाशी धरायचे, आणि आतून पाण्याचा डुचमळण्याचा आवाज येऊ लागल्यावरच पेटीत ठेवायचे, असा दंडक आहे. कुपीचा संशय आला तर तिची परीक्षाही सोपी आहे: त्याच घाण्याची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळू द्यायची, मग दोन्ही कुप्या एकदम हालवून मेजावर ठेवायच्या आणि पाहत बसायचे. गोठलेल्या कुपीत पांढरे कण भराभर तळाशी बसून वर पाणी निवळते. शाबूत कुपी मात्र अर्ध्या घटकेनंतरही ताकासारखी एकजीव दुधाळ राहते. दोन कुप्या शेजारी शेजारी ठेवून हा फरक ज्या नर्सबाईंनी एकदा डोळ्यांनी पाहिला, त्या पुन्हा कुपी बर्फाला टेकू देत नाहीत.

दुसरी अडचण हिशेबाची. सरकारी कुपीत दहा बाळांपुरती लस असते. रविवारी पहाटे एकच बाळंतपण झाले, तर एका बाळासाठी कुपी उघडून उरलेले नऊ डोस वाया गेल्याचा जाब कोणी द्यायचा, या धास्तीने टोचणी सोमवारवर जाते, आणि सोमवारपर्यंत बाळंतीण घरी गेलेली असते. वास्तविक योग्य रीतीने सांभाळलेली उघडी कुपी २८ दिवसांपर्यंत वापरण्यास सरकारी धोरणानेच मुभा दिलेली आहे. शिवाय एक कुपी पुरती फुकट गेली तरी तिचे मोल एका माणसाच्या यकृतापेक्षा अधिक होत नाही. घरी किंवा वाटेत झालेल्या बाळंतपणांची गोष्ट आणखी बिकट. त्यांची खबर आशाताईंना त्याच दिवशी लागली पाहिजे, तरच काही साधेल.

वेळेचा हा हिशेब प्रत्येक रोगात निराळा मांडावा लागतो, हे कांजिण्यांच्या उदाहरणावरून चांगले दिसते. गरोदर स्त्रीला कांजिण्या आल्या आणि प्रसूतीला अद्याप आठ-दहा दिवस असले, तर तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाला पोहोचतात; आईने लेकराला शिदोरी बांधून दिल्याप्रमाणे ते बाळ थोड्याशा फोडांवर निभावते. पण पुरळ प्रसूतीच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या मुदतीत उठले, तर विषाणू पोहोचतो आणि शिदोरी मात्र मागे राहते. अशा बाळाची फुप्फुसे व यकृत ग्रासले जाऊन, इलाज न झाल्यास, शंभरांत तीसपर्यंत बाळे दगावल्याचा अनुभव आहे. म्हणून त्याला तत्काळ तयार प्रतिपिंडे टोचतात, जरूर पडल्यास अॅसायक्लोव्हिर देतात, आणि शक्य असेल तेथे प्रसूती काही दिवस लांबवतात. नागिणीच्या गोतातील जननेंद्रियांवरील हर्पिसचे फोड प्रसूतीच्या वेळी उघडे असले, तर पोट उघडून बाळंतपण करतात. एचआयव्हीच्या बाबतीत, काहीच न केल्यास शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते, आणि आईला नियमित औषध व बाळाला काही आठवडे औषध मिळाल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली येते. १९९४ साली झिडोव्ह्युडिन या एकाच औषधाने लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर आल्याचे दिसले, त्या दिवसापासून या आशेला सुरुवात झाली.

आता मला जी गोष्ट सर्वांत कळकळीने सांगायची आहे ती बाळंतिणीविषयी. तपासणीचा कागद ‘पॉझिटिव्ह’ आला की घरात सर्वप्रथम तिचे ताट-वाटी निराळी होते, मग बाळ तिच्यापासून उचलून आजीच्या कुशीत दिले जाते, आणि तिचा पहिला चीक, ज्याच्यासारखे औषध बाळासाठी दुसरे नाही, तो पिळून टाकला जातो. हिपॅटायटिस बी जेवणाच्या ताटातून, मिठीतून किंवा दुधातून लागत नाही. बीसली यांनी १९७५ सालीच दूध पाजलेल्या आणि न पाजलेल्या बाळांची तुलना करून दाखवले होते की दोहोंत लागणीचे प्रमाण सारखेच असते. लस घेतलेल्या बाळाला तर आईने खुशाल अंगावर पाजावे. २०२० साली करोनाच्या पहिल्या महिन्यांत अशाच भयापोटी जगात ठिकठिकाणी माता व बाळे अलग ठेवण्यात आली. पुण्याच्या ससून रुग्णालयात वारेतून लागण झालेल्या एका अर्भकाची नोंद झाली, ते अर्भक बरेही झाले. पण अशी उदाहरणे दुर्मीळ ठरली. मुंबईच्या नायर रुग्णालयात त्या काळात शेकडो बाधित मातांची बाळंतपणे झाली, आणि तोंडाला पट्टी बांधून, हात धुऊन आईने बाळाला जवळ घ्यावे, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस कायम राहिली. आजारी आई ही बाळाची वैरीण नव्हे. तिच्या रक्तातील विषाणूचा बंदोबस्त करावा आणि तिला तिच्या लेकराजवळ राहू द्यावे.

मातेच्या रक्तात विषाणूंची गर्दी फार असेल, म्हणजे एका मिलिलिटरमागे दोन लाख एककांहून अधिक, तर दोन टोचण्या देऊनही काही बाळांना लागण होते; त्यासाठी गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून टेनोफोव्हिरची रोज एक गोळी देण्याची शिफारस २०२० साली करण्यात आली आहे. हे सारे घडायचे तर गर्भवतीचे रक्त पहिल्या तिमाहीतच तपासले जायला हवे, आणि त्या तपासणीचे उत्तर बाळंतपणाच्या खोलीपर्यंत तिच्याबरोबर यायला हवे. पण कागद हरवला, तपासणी राहून गेली, काहीच ठाऊक नाही, अशा बाळालाही पहिली टोचणी चोवीस तासांत मिळालीच पाहिजे. ती सर्व बाळांना देण्याचे मर्म तेच आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात, शेजारात, नात्यागोत्यात मूल जन्माला आले की पेढे हातात घेण्यापूर्वी त्याचे माता-बाल संरक्षण कार्ड मागून पाहा. ‘जन्मतः’ या रकान्यात बीसीजी व पोलिओच्या शेजारी हिपॅटायटिस बी असे लिहिलेले असेल. त्यापुढे तारीख घातली आहे काय, आणि ती बाळाच्या जन्माच्याच दिवसाची किंवा फार तर दुसऱ्या दिवसाची आहे काय, एवढे तपासा. रकाना कोरा असेल तर बारशाची वाट पाहू नका. त्याच पावली बाळाला दवाखान्यात घेऊन जा.